अप्पांच्या मयताची वेळ

सोनपेठला मी एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा बातमी एसटीनं जायची. कागदावर हातानं लिहायची, पाकिटात घालायची आणि परभणीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची. तो ते पाकीट परभणीच्या स्टँडवर आमच्या माणसाला द्यायचा. गाडी चुकली की बातमी शिळी व्हायची. शिळी बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली तरी लोक ती ताजी म्हणूनच वाचत. हे मी जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही. ड्रायव्हर लोकांची मनधरणी करून करून मी तेव्हा बेजार झालो होतो, आणि पहिल्यांदा मोबाईलवरून फोटो गेला तेव्हा मला एवढा हर्ष झाला होता की समोरच्या चहावाल्यालाही मी तो फोटो दाखवून आलो.

पण एक गोष्ट त्या काळी पक्की होती. परभणीतल्या आमच्या जुन्या संपादकांनी पहिल्याच भेटीत मला दम भरला होता. "नालीची बातमी चुकली तर चार शिव्या बसतील, त्या खाऊ. मयताची बातमी मात्र घरच्या माणसाच्या तोंडून आल्याशिवाय पाठवायची नाही. शेजारी सांगो, सरपंच सांगो, नाहीतर दवाखान्यातला कंपाउंडर सांगो. घरचा माणूस सांगेल तेव्हाच." त्यामुळं आमच्याकडं एक रीतच पडून गेली. घरातला कुणीतरी, बहुतेक वेळा जावई नाहीतर पुतण्या, फोटो घेऊन माझ्याकडं यायचा. मी त्याला पाणी द्यायचो आणि विचारायचो, कधी गेले, माती कधी, मागं कोण कोण आहे. गेल्याची वेळ मी हटकून लिहायचो. कुणाला ती उगाचची चौकशी वाटायची, पण माणूस एकदाच जातो, तेवढं तरी नीट लिहावं असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आता मयताची बातमी सगळ्यांच्या पुढं पळते. फुलांची चौकट मोबाईलमध्ये तयारच असते, आत फक्त फोटो बसवायचा. सोनपेठच्या बाजारात मोबाईलचं दुकान चालवणारा एकजण आहे. कव्हर विकतो, काच बसवतो आणि मधल्या वेळात बातम्यांचा चॅनेल चालवतो. काच बसवायला जावं तर आधी हातात माईक देऊन तुमचीच मुलाखत घेईल असा माणूस. मनानं वाईट नाही. पण 'सर्वप्रथम' हा शब्द त्याच्या अंगात भिनलेला आहे. पाऊस पडला तरी सर्वप्रथम, म्हैस मेली तरी सर्वप्रथम. आणि आमच्या ऑफिसातल्या नव्या लोकांचीही वेगळी गत नाही. त्याच्या चॅनेलवर काही दिसलं की परभणीहून लगेच मेसेज येतो, "त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?" खात्री करतोय म्हटलं की उत्तर येतं, "आधी टाका, मग बघू." हे 'मग' कधी येतं ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण अप्पा.

माझं गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या बाजूला आहे. गावात अप्पांचं किराणा दुकान होतं. घर शिवभक्तांचं, कपाळाला विभूती लावल्याशिवाय अप्पा तराजूला हात लावत नसत. पेपर वाटायचं कामही माझ्याकडंच होतं. मी मोटारसायकलवर पेपरचा गठ्ठा घेऊन गावात शिरलो की पहिला पेपर त्यांचा. "या अखबारवाले," असं म्हणत ते चष्मा पुसायला लागत. मग दुकानापुढच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचन चालायचं. बाजारभाव, धरणातलं पाणी, कुणाच्या बदल्या आणि शेवटी निधनवार्ता. ऐकायला ओट्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली असायची. कशावरून वाद निघाला की अप्पा म्हणायचे, "पेपरात येऊ दे, मग बोलू." आणि आलेलं असलं की, "पेपरात आलंय म्हणजे झालं." तिथं विषय संपायचा. मी लिहिलेलं एखादं वाक्य त्यांना पटलं नाही तर मात्र सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली जायची. "हे कुणी सांगितलं तुमाला?" असं ते विचारायचे. मला राग यायचा, पण पुढच्या वेळी लिहिताना तो प्रश्न कानात वाजायचा.

त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा दुकान आणि शेती बघायचा. मुलीला अप्पांनी शाळेत घालायच्या आधीच पेपरवर बोट ठेवून अक्षरं शिकवली होती. अप्पांचे डोळे दुखायला लागले की उरलेला पेपर ती वाचायची. फ्रॉक घातलेली पोर ओट्याच्या कडेला पाय सोडून कापसाचे भाव वाचतेय आणि म्हातारे माना डोलावतायत, हे मी कितीदा पाहिलेलं आहे. पुढं ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चारठाण्याकडच्या एका गावात दिली. आली की आधी ओट्यावर बसून पेपर वाचून दाखवायची आणि मगच चहा प्यायची.

मोबाईल आले आणि ओटा रिकामा होत गेला. ज्याचा पेपर त्याच्या खिशात. अप्पा तरी मोठ्यानंच वाचायचे. समोर कुणी नसलं तरी. मी एकदा गमतीनं विचारलं, "अप्पा, कुणाला ऐकवायलात?" तर म्हणाले, "सवय हाय. मनात वाचलं की पटत न्हाई."

थंडीच्या सुरुवातीला अप्पा आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. परभणीच्या दवाखान्यात काही दिवस काढले आणि मग डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. घरी घेऊन जा म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं. ॲम्ब्युलन्सनं ते संध्याकाळी घरी आले. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, पण शुद्ध चांगली होती. त्यांनी पहिला शब्द काढला तो, "लेक?" मुलानं तिला लगोलग फोन केला. "अप्पांची तब्येत जास्त हाय. सकाळच्या गाडीनं नीघ." ती सकाळी पहिल्या गाडीनं निघणार होती. चारठाण्याहून जिंतूर, तिथून परभणी, परभणीहून पोखर्णी फाट्यावरून इकडं. मध्ये गाड्या नीट मिळाल्या तर दुपार व्हायच्या आत ती अप्पांच्या उशाशी असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन गेलो. अप्पांच्या खाटेशी बसलो आणि बाजारभाव वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाले, "कुठवर आली?" मी म्हणालो, "निघाली असंल, जिंतूरपर्यंत आली असंल." त्यांनी मान हलवली. त्यांचा जीव कशात अडकलाय हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. मला तर खात्री होती की लेक दारात दिसेपर्यंत हा माणूस जात नाही.

गडबड सुरू झाली ती शेतात. त्यांच्याकडं माती देतात, जाळत नाहीत. बसवून समाधी देतात, आणि तीही आपल्याच रानात. रानात तूर उभी होती. ऐन वेळी धावाधाव नको म्हणून मुलानं चुलतभावाला सकाळीच सांगून ठेवलं होतं की बांधाकडंची थोडी तूर काढून जागा मोकळी कर. यात वावगं काही नाही. ज्या घरी मातीची रीत आहे तिथं उभ्या पिकाच्या दिवसांत असं आधीच बघून ठेवावंच लागतं. रस्त्यानं जाणाऱ्या गावातल्या एकानं गाडी थांबवून त्याला विचारलं, "काय चाललंय?" तो म्हणाला, "अप्पांसाठी जागा करायलोत." विचारणाऱ्यानं गाडीवर बसल्या बसल्या गावाच्या ग्रुपवर टाकलं, अप्पा गेले. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही तेच समजलं असतं. फक्त पूर्वी तो गावात येऊन आधी घरासमोर थांबला असता, आणि घर त्याला दिसलं असतं.

मी अजून खाटेशीच होतो. भिंती दगडमातीच्या, जाड. आत मोबाईलला रेंज अजिबात नाही. बाहेर ओट्यावर आलो तेव्हा खिशातला फोन एकदम थरथरायला लागला. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागलेली. वर अप्पांचा भावकीतल्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो, भोवती फुलं, खाली मोबाईलवाल्याच्या चॅनेलचं नाव आणि 'सर्वप्रथम'. 'आज सकाळी दुःखद निधन.' माझ्या हातात पेपर होता आणि आत तो माणूस लेकीची वाट बघत होता. डोकं असं सणकलं की मला धड टाईप करता येईना. मी लिहिलं, 'अप्पा हयात आहेत. मी त्यांच्या घरी आहे. ही बातमी खोटी आहे.' मग माझ्या त्या मेसेजच्या खालीही एकानं हात जोडले, दुसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. वाचत कुणी नव्हतंच. बोटं आपोआप चालली होती.

मुलाचा फोन बाहेर दुकानात चार्जिंगला लावलेला होता. तो एकसारखा वाजायला लागला. उचलला की पलीकडून, "कधी झालं? माती कधी?" एकाला खरं सांगेपर्यंत मध्ये दुसऱ्याचा वाजे. परभणीहून, अंबाजोगाईहून, कुठल्या कुठल्या पाहुण्यांचे फोन. मी मोबाईलवाल्याला फोन लावला आणि माझ्या तोंडात येईल ते त्याला बोललो. तो म्हणाला, "काका, गावाच्या ग्रुपवर व्हतं. समद्यांनीच टाकलंय. बघतो, काढतो." काढलं नाही. मी परभणीच्या ऑफिसलाही कळवलं. तिकडून अंगठा आला.

एवढ्यात गल्लीत बायका आल्या. दूरच्या आळीतल्या, पदर तोंडाला लावून, आल्या आल्याच हंबरडा फोडून. सून धावत बाहेर गेली आणि तिनं त्यांना हातानं गप्प केलं, पण आवाज आत पोचला होता. अप्पांनी डोळे उघडले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. खोलीत आम्ही पाचसहा माणसं होतो. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. मागोमाग त्यांच्यातले विधी करणारे स्वामी आले, अंत्यविधीच्या तयारीनंच. त्यांनी आत येऊन पाहिलं, अप्पांच्या कपाळाला विभूती लावली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले. परत जावं की थांबावं ते त्यांनाही कळेना.

आणि मग मला पोरीची आठवण झाली. ती गाडीत होती. तिच्याही हातात मोबाईल होता.

मुलाच्या फोनवरून लावावं तर तो मोकळा होत नव्हता. आपल्या बहिणीचा नंबर त्याला पाठ नव्हता. हल्ली कुणाचाच कुणाला नसतो. सुदैवानं अप्पांचा मोबाईलवर कधीच विश्वास नव्हता. दुकानात तराजूमागच्या भिंतीवर त्यांनी लेकीचा नंबर कोळशानं लिहून ठेवला होता. तो बघून मी माझ्या फोनवरून लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला.

"अगं, मी बोलतोय. अप्पा चांगले हायेत. जिवंत हायेत. तुझीच वाट बघायलेत. कुठं हायेस?"

पलीकडं स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. ती जिंतूरला होती. "काका," ती म्हणाली, "तुमी बी असंच सांगायलात?"

ते वाक्य मला आयुष्यभर पुरेल. आपल्याकडं लेकीला मयत फोनवर सांगत नाहीत. बाप गेला तरी सांगायचं, तब्येत जास्त आहे, लवकर ये. वाटेत एकटी आहे, हाय खाईल, म्हणून. मी स्वतः किती जणींना असं सांगितलं आहे. सगळ्यांना ते ठाऊक असतं, लेकीलाही ठाऊक असतं, तरी सगळे तसंच सांगतात. त्या सकाळी मला खरं सांगायचं होतं आणि माझ्याजवळ शब्द मात्र त्याच खोट्यातले होते.

तिच्या दिराला समाजाच्या ग्रुपवर ती फुलांची चौकट दिसली होती. तिचा नवरा पुण्याकडं कामाला, त्यामुळं घरी मोठा तोच. त्यानं तिला गाडीतच फोन केला, "वैनी, जिंतूरला उतरा. आमी समदे येयलोत." आजारी बापाला बघायला लेक एकटी जाऊ शकते. मयताला नाही. मयताला सासरची भावकी संगं लागते, सासरकडचं कापड लागतं, चार बायका लागतात. एकटी गेली तर माहेरची माणसं म्हणतात, हिच्या सासरी कुणी नव्हतं का? म्हणून ती उतरली होती. दिरानं क्रूझर जीप ठरवली होती, कुणाला या गावाहून, कुणाला त्या गावाहून घ्यायचं होतं आणि कापडाचं दुकान उघडायचं होतं.

"मग दादाचा फोन का लागंना?" तिनं विचारलं. "सकाळधरनं लावायलीय."

"त्याला फोन येयलेत गं एकसारखे."

"कशाचे?"

यावर मी काय सांगणार होतो? सांत्वनाचे, असं सांगितलं असतं तर उरलंसुरलं संपलं असतं. मी अडखळलो, आणि ते अडखळणं तिला पुरलं. मी म्हणालो, "तुझ्या गळ्याची आण, अप्पा आता माझ्याशी बोलले." तिच्या हातून फोन कुण्या बाईनं घेतला. तिची थोरली चुलत जाऊ होती, ती जिंतूरातच राहायची. फार समजूतदारपणे म्हणाली, "काका, पोरीनं धीर सोडू नये म्हणून तुमी बोलायलात, आमाला कळतंय. तुमी निवांत ऱ्हा. आमी तिला आणायलोत." मी ओरडलो, शिव्यासुद्धा दिल्या असतील. जितका ओरडलो तितकं त्यांना खरं वाटलं, म्हणजे खोटं खरं वाटलं.

मग मी मुलाला धरून ओट्यावर आणलं. म्हटलं, तू सांग, तू सख्खा भाऊ आहेस. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून बहिणीनं "दादा" म्हटलं मात्र, आणि सकाळपासून परक्यांच्या फोनला कोरडी उत्तरं देत राहिलेला तो माणूस ढसाढसा रडायला लागला. "अप्पा..." एवढंच त्याला म्हणता आलं. पलीकडं रडण्याचा एकच कल्लोळ उठला. फोन कट झाला. नंतर लावला तर कुणी उचलेना.

व्हिडिओ का नाही काढला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी मोबाईल घेऊन आत गेलोही होतो. मुलगा आडवा आला. "काका, नका. सकाळपासून बापाचा फोटो फुलांत बघायलोय. अशा हालतीतला व्हिडिओ नका काढू." त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मेलेल्या, मरणाऱ्या माणसांवर मोबाईल रोखून उभे राहिलेले लोक मी इतके पाहिलेत की त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. मी मोबाईल खिशात घातला. सोनपेठहून एखादी जीप करून जिंतूर गाठावं असंही वाटून गेलं, पण तोवर क्रूझर निघालेली असेल, वाटेत चुकामूक होईल, अशा विचारात वेळ गेला.

अप्पा दुपारपर्यंत विचारत राहिले. आधी "कुठवर आली?" असं पूर्ण विचारायचे, मग नुसतं "कुठवर?" आणि शेवटी फक्त दाराकडं बघायचे. बाहेरचे लोक मात्र हळूहळू पांगले होते. मयत नाही म्हटल्यावर थांबून काय करणार? काहींच्या चेहऱ्यावर मला चक्क हिरमोड दिसला. जेवणवेळ टळून गेल्यावर अप्पांचा श्वास लांबला. सुनेनं तोंडात पाणी घातलं. स्वामी मंत्र म्हणायला लागले. मान दाराच्या बाजूला कलली ती तशीच राहिली.

आता खरं कळवायचं होतं, आणि कळवायला कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांना सकाळीच माहीत होतं. रडायला पुन्हा बायका आल्या, पण सकाळच्या निम्म्याही नव्हत्या. मोबाईलवाल्याच्या चॅनेलवरची बातमी तशीच होती. दुसऱ्या दिवशी बाजारात तो भेटला तेव्हा अगदी शांतपणे म्हणाला, "काका, बातमी खोटी कुठं व्हती? जरा अगोदर व्हती, एवढंच." मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो, लोकांनी मला धरलं. आज तो मला नमस्कार करतो आणि मी त्याच्याकडूनच मोबाईलची काच बसवून घेतो, कारण सोनपेठात दुसरं दुकान नाही.

क्रूझर आली तेव्हा ऊन कलत होतं. समाधीसाठी लेकीचीच वाट बघत थांबले होते. ती उतरली, हातात नव्या धोतराची घडी होती. ओट्यापाशी बसलेल्या एका म्हातारीनं तिला कवटाळलं आणि रडता रडता बोलून गेली, "दुपारपातुर लेक लेक करत व्हते गं माय. दाराकडंच डोळे व्हते." लेक थबकली. तिनं म्हातारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिच्या मागं तिचा दीर, जाऊ, सासरचं सगळं माणूस उभं होतं. त्यांच्याही कानावर ते पडलं होतं. दिराचा चेहरा मी विसरणार नाही. भला माणूस होता तो. रीतीप्रमाणं वागला होता, धावपळ करून चार घरची माणसं गोळा करून आणली होती. त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

रानातून परत आलो. अजून उजेड होता. मी ओट्यावर बसून मोबाईलवर निधनवार्ता लिहायला घेतली. मुलगा दमून आत पडला होता, म्हणून लेकच बाहेर आली. लहानपणी बसायची तिथंच, ओट्याच्या कडेला बसली. मी विचारायचं ते विचारत गेलो. वय, मागं कोण कोण. ती सांगत गेली. मग मी वेळ विचारली नाही, मला ठाऊकच होती. तर तीच म्हणाली, "काका, वेळ सकाळची लिहा."

मी मोबाईल मांडीवर ठेवला.

"मोबाईलवर सकाळची हाय. तीच ऱ्हाऊ द्या. दुपारची लिहिली तर आमच्या घरात जन्मभर..." ती थांबली. "दीर सकाळपासून जेवले न्हाईत. जाऊबाई माझ्या पाया पडायल्या. मला त्याच लोकांत ऱ्हायचंय, काका. परभणीची गाडी समोर लागली व्हती. कंडक्टर आवाज देयलाला. माझ्या मनात आलं व्हतं, चढावं. मीच न्हाई चढले. दुपारची वेळ छापून आली की ती गाडी मला रोज दिसंल."

इतकी वर्षं मी त्या एका वेळेसाठी लोकांशी भांडत आलो होतो. ज्या माणसानं मला 'हे कुणी सांगितलं' असं विचारायला शिकवलं त्याच्याच निधनवार्तेत खोटं लिही असं त्याचीच लेक सांगत होती, आणि तिचं मला चूक वाटत नव्हतं. मी नुसतं "बघतो" म्हणालो. ती आत गेल्यावर बराच वेळ मोबाईलवर बोट धरून बसलो. सकाळ लिहवेना आणि दुपार लिहवेना. शेवटी वेळेशिवायच बातमी पाठवून दिली. माझ्या हातून तशी निधनवार्ता कधी गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. अप्पांचा फेट्यातला फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'काल सकाळी निधन झाले.' परभणीला विचारलं तर ऑफिसातला पोरगा म्हणाला, "सर, तुमची वेळ राहिली होती. ऑनलाइनवरून घेतली." आभार मानल्यासारखा बोलत होता. दुरुस्ती द्या, असं माझ्या ओठापर्यंत आलं. मी फोन ठेवून दिला.

दहावा उरकून ती सासरी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा फोन आला. आवाज मोकळा होता, खूप दिवसांनी तसा ऐकला.

"काका, लय उपकार झाले तुमचे. कात्रण कापून देवघरात ठेवलंय. दिरांनी बी वाचलं. आता कुणी काय म्हणलं तर हे दाखवते. पेपरात आलंय म्हणजे झालं."

ते वाक्य मी नाही लिहिलं, असं मला सांगायचं होतं. मी गप्प बसलो. तिलाही माझ्या गप्प बसण्यातून काहीतरी ऐकू आलं असावं, कारण ती पुन्हा बोलली, या वेळी सावकाश, लहानपणी ओट्यावर पेपर वाचायची तशी, एकेक शब्द सुटा करून.

"अप्पा सकाळीच गेले, काका. मी जिंतूरला उतरायच्या आधीच."

घरच्या माणसाच्या तोंडून आलं होतं. मी हो म्हणालो.